ताईंचं माप

पहिली तक्रार आली तेव्हा मास्तर सुईत दोरा ओवत होती आणि तिची लेक फोनवर त्यांच्या झग्याच्या जाहिरातीखालच्या कमेंटी मोठ्यानं वाचत होती. रोज दुपारचा तो कार्यक्रमच होऊन बसला होता. मशीन थांबायची, चहा यायचा आणि लेक एकेक कौतुक वाचून दाखवायची. "रंग सुंदर." "बाईंचे पांढरे केस किती शोभतात." "मलाही हवाय, कसा मागवू?" मग वाचता वाचता ती मध्येच थांबली.

"काय गं?" मास्तरनं विचारलं.

"काही नाही. एक बाई म्हणतेय, गळा उजवीकडे ओढतो."

"सवय नसते एकेकीला सैल कपड्याची."

"आणि घेर उजव्या बाजूनं वर चढतो म्हणे."

दोरा सुईत गेला होता, तो मास्तरनं पुन्हा बाहेर ओढला. गळा उजवीकडे आणि घेर उजव्या बाजूनं वर. तसा कापलेला झगा अख्ख्या जगात एकाच माणसाच्या अंगावर सरळ बसला असता, आणि ते माणूस या घडीला वरच्या खोलीत दुपारची झोप घेत होतं.

मास्तर हे काही तिचं नाव नव्हे. शिवणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, आणि या बाईच्या कात्रीपुढे भलेभले मास्तर फिके पडतात असं बघून गिऱ्हाइकांनीच तिला मास्तर करून टाकलं. दुकान म्हणजे घराखालची एक लांबट खोली. पुढे काच, मध्ये दोन मशीन, मागे कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायलची जागा आणि तिथं माणसाच्या उंचीचा आरसा. भिंतीवर ओळीनं खिळे, आणि खिळ्यांना मापाचे खाकी कागद टांगलेले. एका खिळ्याला एक गिऱ्हाईक. कुणी अंगानं सुटलं की मास्तर गुपचूप त्या कागदाला एक पट्टी चिकटवायची आणि तोंडानं म्हणायची, "कापड आटलंय हो तुमचं."

हे कागद अर्धे असतात. माणूस दोन्ही बाजूंनी सारखाच, म्हणून अर्ध्या अंगाचा कागद पुरतो. कापडाची घडी घालायची, घडीवर कागद ठेवायचा, कापायचं आणि घडी उलगडायची. त्या सगळ्या भिंतीवर पूर्ण कागद एकच होता. तो ताईंचा.

ताई म्हणजे मास्तरची थोरली नणंद. सरकारी ग्रंथालयाच्या काउंटरमागे त्यांनी सगळी नोकरी काढली आणि काउंटरमागूनच निवृत्त झाल्या. उंच, नाकीडोळी नीटस, बोलण्यात धार. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. खांद्यावर कायम शाल, फोटो काढायचा म्हटलं की एक हात कमरेवर.

मास्तर लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला आपल्या शिवणकामाचा भारी तोरा होता. नणंदेला एक झगा शिवून द्यायचा आणि तिला खिशात टाकायचं, असा तिचा साधा बेत. शिंप्याची रीत अशी की माप घेताना आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि दुसऱ्या कुणीतरी लिहून घ्यायचा. त्या दिवशी लिहून घ्यायला नवरा बसला होता. मास्तरनं ताईंच्या डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत टेप लावला, आकडा म्हटला. मग उजव्या खांद्याला टेप लावला आणि तिचा हात थबकला. उजवा खांदा चांगलाच खाली होता. आरशात ताई जबडा आवळून सरळ समोर बघत होत्या. मास्तरनं पुन्हा तोच डावीकडचा आकडा मोठ्यानं म्हटला. खरा आकडा तिनं मनात ठेवला.

पुढे कधीतरी नवराच बोलून गेला, की ताईंच्या पाठीचा कणा लहानपणापासून एका अंगाला कललेला आहे आणि शाळेत पोरं तिला तराजू म्हणून हाक मारायची. बोलला आणि त्यानं जीभ चावली. मास्तरनं काही ऐकलंच नाही असं दाखवलं. तिला टेपनं ते केव्हाच सांगितलं होतं.

तो पहिला झगा घालून ताई आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या. खालचा घेर जमिनीशी अगदी समांतर. गळा मधोमध. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई उभीच अशी ताठ राहते. "बरा झालाय," एवढंच त्या म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुठल्याही शिंप्याच्या दुकानाची पायरी चढली नाही.

आता यावरून कुणी दोघींचं गूळपीठ होतं असं समजू नये. दोघींचं रोज वाजायचं. पंखा किती वेगानं फिरवायचा, नळ कुणी उघडा ठेवला, कडी कुणी लावली नाही, भाजीत मीठ कुणी दोनदा टाकलं. नवरा वारल्यावर मध्ये पडायलाही कुणी उरलं नाही, त्यामुळे भांडणं सरळ समोरासमोर व्हायला लागली. माहेर, सासर, एकमेकींच्या खोड्या, खर्च सगळं निघायचं. खांद्याची गोष्ट मात्र आजतागायत एकीनंही काढली नव्हती. मास्तर माप घेताना खोटा आकडा म्हणायची, खरा कापायची, ताई घालायच्या. बोलायचं काही नाही.

जाहिरातीचं खूळ लेकीचं. तयार कपड्यांनी शिंप्यांचा धंदा बसवला होता आणि मास्तरची एक मशीन आठवड्यातले बरेच दिवस झाकलेलीच असायची. लेक एका जाहिरातीच्या कंपनीत होती, ती नोकरी सोडून घरी आली आणि म्हणाली, "आई, एकच ड्रेस करू. एक नमुना, चार साइझ, आणि फोनवर जाहिरात. आपला स्वतःचा ब्रँड." मास्तरला ब्रँड म्हणजे काय ते कळत होतं, पण जे कापड घालणारं अंग आपण बघितलंच नाही, त्याच्यासाठी कापायचं कसं हे कळत नव्हतं. ती हो म्हणाली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिल्या जाहिराती तोंडावर आपटल्या. भाड्यानं आणलेली एक शेलाटी पोरगी झगा घालून गच्चीवर हसत गोल फिरायची आणि लोक बोटानं तिला वर सरकवून पुढे जायचे. "माणूस थांबतच नाही गं," लेक कपाळाला हात लावून म्हणायची. "एका क्षणात थांबला पाहिजे, नाहीतर गेला."

मग एक दिवस ताई पंख्यावरून भांडायला खाली आल्या आणि खिडकीपाशी उभ्या राहून तावातावानं बोलायला लागल्या. लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. "आत्या, तू राहशील का गं उभी जाहिरातीसाठी?"

ताई आधी नाही म्हणाल्या. मग अजिबात नाही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं की उजेड कुठल्या बाजूनं येणार.

मास्तरनं त्यांच्यासाठी म्हणून वेगळा झगा शिवला. भिंतीवरचा तो पूर्ण कागद काढला, कापडावर ठेवला, नेहमीसारखा कापला. शूटिंगच्या वेळी ताई शाल बाजूला ठेवून खिडकीत उभ्या राहिल्या, सावकाश वळल्या. लेक म्हणाली, "आत्या, काहीतरी बोल ना." ताईंनी कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, "या वयात लपवायचं काय?"

तेवढ्यानं चक्रं फिरली. लेकीनं ती जाहिरात चाळिशीपुढच्या बायकांना दिसेल अशी लावली आणि बायका थांबायला लागल्या. त्यांनी ती बहिणींना पाठवली, जावांना पाठवली, ऑफिसातल्या मैत्रिणींना पाठवली. ऑर्डरींचा पाऊस पडला म्हणावा असा. औषधाच्या दुकानात एका अनोळखी बाईनं ताईंना विचारलं, "तुम्हीच ना त्या, लपवायचं काय वाल्या?" आणि त्यांच्यासोबत फोटो काढून घेतला. ताई घरी आल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. आयुष्यभर ज्या बाईनं लोकांच्या नजरा चुकवल्या, तिला लोक आता मुद्दाम थांबून बघत होते, आणि तिला ते आवडत होतं. मास्तरला ते बघून इतका आनंद झाला की त्या दिवशी तिनं पंखा ताईंना हवा तसा फिरू दिला. ताईंनी फोन शिकून घेतला. त्या एकेका कमेंटीला स्वतः उत्तर द्यायच्या, पूर्ण वाक्यात, स्वल्पविराम आणि पूर्णविरामासह.

घात झाला तो कापताना. एवढे झगे एकेक करून कापणं शक्यच नव्हतं. लेकीनं विजेवर चालणारं कापायचं यंत्र आणलं, टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरले आणि म्हणाली, "आई, व्हिडिओतल्यासारखाच हवाय हं, अगदी तस्सा." मास्तरनं व्हिडिओतल्याचा कागद घेतला. चार साइझसाठी तो लहानमोठा करून घेतला. त्या कागदाला घडी लागत नाही, तो उलगडूनच ठेवायचा असतो, तसा ठेवला आणि यंत्र फिरवलं. हाताला तो कागद पाठ होता. कुठं अडलं असतं, कुठं खटकलं असतं तर ती थांबली असती. पण इतक्या वर्षांची सवय, हात कुठंच अडला नाही, आणि कुठल्या कुठल्या गावच्या धडधाकट, सरळ बायकांसाठी मास्तरनं ताईंचा खांदा कापून ठेवला.

ती तक्रार ऐकल्यावर मास्तर उठली, गठ्ठ्यातला एक झगा काढून तिनं लाकडी पुतळ्यावर चढवला. पुतळ्याचे खांदे सरळ. झगा उजवीकडे ओढला गेला आणि खालचा घेर तिरका झाला. पुतळाच तिला तिरका वाटायला लागला. मास्तर स्टुलावर बसली. तिच्या हातून कापड वाया गेलं असतं तर तिनं ते सोसलं असतं. हे वेगळं होतं.

पुढच्या दोन दिवसांत कमेंटींचा नूरच पालटला. "फसवणूक." "व्हिडिओत एक, हातात दुसरंच." तिरक्या झग्यांचे फोटो यायला लागले. लेक एकेकीला उत्तरं देऊन देऊन मेटाकुटीला आली.

"बंद कर ती जाहिरात," मास्तर म्हणाली.

"बंद करून काय होणार? लोकांनी आपापल्या पानावर टाकलीय. आणि आई, भांडण लागलं की ते आणखी पसरतं. जेवढ्या शिव्या, तेवढी जास्त लोकांना दिसते."

"म्हणजे शिव्या खाल्ल्या की जाहिरात वाढते?"

"हो."

"काय मेलं उलटं दुकान आहे हे," मास्तर म्हणाली. दोघींना हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी एका गुलाबी चष्म्याच्या मुलीचा व्हिडिओ आला. तिनं झगा अंगात घातला होता आणि ती मुद्दाम एक खांदा पाडून, मान कलती करून चालत होती. "आता बघा कसा फिट बसला!" ती म्हणत होती. "मैत्रिणींनो, हा ड्रेस वाकड्या माणसासाठी शिवलाय." खाली हसणाऱ्यांची रांग लागली होती. कुणी स्वतःही तसं चालून व्हिडिओ टाकले होते.

मास्तरनं तो एकदाच पाहिला. त्या मुलीचा तिला राग आला नाही, बिचारीनं अगदी बरोबर ओळखलं होतं. तिला दिसली ती शाळेतून रडत घरी येणारी एक पोर, जिला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आणि त्या पोरीला पुन्हा त्याच पोरांपुढे आपणच नेऊन उभं केलं, आपल्या हातानं, असं वाटून तिला भरून आलं.

ती तशीच वर गेली. ताई न्हाणीघरात होत्या. मास्तरनं त्यांच्या फोनचा चार्जर भिंतीतून उपसला, खाली आणला आणि अस्तराच्या गठ्ठ्यामागे दडवला. फोनात जेमतेम जीव उरला होता. ही काही फार हुशारीची चाल नव्हती, पण तिला तेवढंच सुचलं.

थोड्या वेळानं जिन्यावरून हाक आली. "अगं, माझा चार्जर कुठाय?"

"बिघडलाय, ताई. दुरुस्तीला दिलाय."

"चार्जर दुरुस्तीला देतात?"

"आता देतात."

"बरं," ताई म्हणाल्या आणि दार लोटल्याचा आवाज आला. ताई भांडल्या नाहीत, याचंच मास्तरला जास्त भय वाटलं.

इकडे लेक भिंतीपुढे उभी होती. तिच्या हातात तो कागद होता. "आई, एक सांग. सगळ्यांचे कागद अर्धे, आणि हा एकच पूर्ण कसा?"

"आण इकडे."

"दोन्ही खांदे वेगळे आहेत याचे. मी पट्टी लावून बघितलं."

"आण म्हटलं ना इकडे!" मास्तरनं कागद हिसकावून घेतला. त्याचा एक कोपरा फाटून लेकीच्या हातात राहिला. आई तिच्यावर अशी ओरडली नव्हती कधी. लेकीनं तो कोपरा टेबलावर ठेवला.

"मी तुझ्या विरुद्ध नाही आहे गं," ती म्हणाली. "मला फक्त कळू दे काय झालं. लोकांना खरं सांगितलं ना, की लोक माफ करतात. 'चूक झाली, या कारणानं झाली, नवा ड्रेस पाठवतो.' एक साधा व्हिडिओ. पण कारण हवं. कारण सांगितलं नाही तर म्हणतील, मुद्दाम फसवलं."

"कारण आहे. माझी नजर अधू झालीय. लाव तुझा कॅमेरा."

"आई!"

"काय आई? वय झालं, दिसेनासं झालं, कात्री तिरकी गेली. सांगते मी."

"तू तसं सांगितलंस तर संपलंच सगळं. ज्या मास्तरला सरळ कापता येत नाही तिच्याकडून कोण कपडे घेईल? ब्रँड राहू दे, तुझी ती गिऱ्हाइकं," लेकीनं भिंतीवरच्या कागदांकडे हात केला, "ती तरी येतील का? सगळ्यांच्या फोनवर दिसणार आहे हे. आणि तुझी नजर मला माहीत आहे. कापडावरचा केस तुला दारातून दिसतो."

मास्तरला हे कळत नव्हतं असं नाही. हाताचं नाव हीच तिची आयुष्यभराची कमाई. तेच आता आपल्या तोंडानं पुसून टाकायचं होतं. नाहीतर लोकांना खरं कारण द्यायचं, म्हणजे ज्या बाईच्या चेहऱ्याला बघून ते थांबले होते, तिच्या खांद्याकडे बोट दाखवायचं. तिसरी वाट तिनं खूप शोधली. झोप लागेना, घास गिळेना, पण वाट काही सापडली नाही. मधल्या वेळात तिनं अर्धा कागद नव्यानं काढला, घडीवर कापून एक सरळ झगा शिवला आणि पुतळ्यावर चढवून ठेवला. तो पुतळ्याला चपखल बसला. लोकांना बदलून द्यायचा तो हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं नाइलाजानं फोन तिपाईवर लावला. मास्तर कापायच्या टेबलामागे बसली. गळ्यात टेप, हात टेबलावर. तिनं दोनदा सुरुवात केली आणि दोनदा खोकला काढला.

"नमस्कार. मी मास्तर. हे झगे मी कापलेत. माझी नजर आता..."

"नजर आता काय?" पडद्यामागून कुणीतरी म्हणालं.

दोघी दचकल्या. ट्रायलचा पडदा सरकला आणि ताई बाहेर आल्या. त्या कधी खाली आल्या, कधी आत गेल्या, दोघींनाही कळलं नव्हतं. पुतळा उघडा पडला होता. त्याच्यावरचा तो नवा, सरळ कापलेला झगा ताईंच्या अंगावर होता. शाल नव्हती. कमरेवर हात नव्हता. गळा एका बाजूला घसरला होता आणि उजवीकडचा घेर घोट्याखाली लोंबत होता. खांदा दिसत होता, जसा होता तसा. लेकीनं तोंडावर हात ठेवला. तिनं आत्याला जन्मापासून पाहिलं होतं, आणि आज पहिल्यांदा पाहिलं.

"ताई, वर जा," मास्तर म्हणाली. "हात जोडते. वर जा."

"चार्जर लपवून काय होतं गं?" ताई म्हणाल्या. "शेजारणीकडे आहे की. त्या गुलाबी चष्म्याच्या कार्टीचं सगळं पाहिलं मी. चालते छान. अगदी माझ्यासारखी."

"फोन बंद कर," मास्तर लेकीवर खेकसली.

"चालू राहू दे." ताईंचा आवाज ग्रंथालयात बोलायच्या तसा होता, खालचा आणि पक्का. "जाहिरातीत तोंड माझं आहे. लपवायचं काय, म्हणून मीच म्हणाले होते. खोटं बोलले. लपवूनच उभी होते मी, हिच्या कात्रीच्या मागे." त्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हिची नजर अधू नाही. हिनं काय केलं ते लोकांना बघू दे. मास्तर, माप घे."

ताईंनी तिला आजवर 'अगं' म्हटलं होतं, रागात नाही नाही ते म्हटलं होतं. मास्तर कधी म्हटलं नव्हतं.

मास्तर उठली, ताईंच्या मागे जाऊन उभी राहिली. आरशात ताईंच्या खांद्यावरून तिचा चेहरा दिसत होता. "मला नाही जमायचं, ताई," ती पुटपुटली.

"इतकं भांडलीस माझ्याशी," ताई आरशातल्या तिला म्हणाल्या. "माझं वय काढलंस, पगार काढलास, मी एकटी राहिले तेही काढलंस. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ही खांदा काढणार. आता काढणार. वाट बघत बसायचे मी. का नाही काढलास?"

"मी कसा काढीन?" मास्तरला रडू फुटलं. "मीच शिवत होते ना तो."

मान ताठ करून ताईंनी समोर बघितलं. "घे. आणि मोठ्यानं सांग. पोरगी लिहून घेईल."

मास्तरनं गळ्यातला टेप काढला. डाव्या खांद्याला लावला, कमरेपर्यंत आणला, आकडा मोठ्यानं म्हटला. मग उजव्या खांद्याला लावला. इतक्या वर्षांची जीभ, ती आपसूक त्याच आकड्यावर गेली.

"खरा," ताई म्हणाल्या.

मास्तरनं बाहीला डोळे पुसले. "सव्वा इंच कमी," ती म्हणाली. आवाज नीट निघाला नव्हता, म्हणून पुन्हा म्हणाली, "उजवा सव्वा इंच कमी."

ताईंनी डोळे मिटले. मग त्यांनी श्वास सोडला, लांबलचक, आणि त्याबरोबर त्यांचं सगळं अंग सैल पडलं. पाठ कलली तिकडे कलली, खांदा आणखी खाली आला. टेप मास्तरच्या बोटांत ढिला झाला.

"माप देताना अंग ताणून उभी राहायचे गं मी, दर वेळी," ताई म्हणाल्या. "आता घे."

मास्तरनं टेप पुन्हा लावला. वाकून आकडा बघितला, नीट बघितला.

"पावणेदोन," तिनं मोठ्यानं सांगितलं.